अकरा नंबर

१ जुलै २०२२, वोल्फ्सबुर्ग

युरोसाठी जर्मनीच्या फुटबॉल संघाची यादी येऊन बरेच दिवस झाले. आलेक्झांड्रा पोप यादीत आहे, दंडावर कप्तानाची पट्टीही आहे. पहिल्या अकरात मात्र बहुधा नाही. तिथे लेया श्युलर. चोवीस वर्षांची, बायर्नची, यंदा बुंडेसलीगात सर्वाधिक गोल तिचे.

पोप एकतीस. एप्रिल २०२१ मध्ये गुडघ्याची कूर्चा गेली. जवळजवळ वर्ष बाहेर.

कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यातल्या द्रवावर जगते, तोही हालचाल झाली तरच पोचतो. भार द्यायचा, पण बेतानं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आली तर एक पाऊल मागे. वर्षभर रोज सकाळी उठून आधी गुडघा बघायचा. हे मी पेशंटना रोज सांगते. एकतिसाव्या वर्षी हे करून परत स्प्रिंट मारणारी फार थोडी पाहिलीत.

३ जुलै

रविवार. पाऊस. तिच्या स्पर्धा लिहून काढल्या.

२०१० – वीस वर्षांखालील विश्वचषक, जर्मनीतच. दहा गोल, प्रत्येक सामन्यात किमान एक. सर्वोत्तम खेळाडू तीच, सर्वाधिक गोलही तिचेच.
२०१३ युरो – घोटा. घरी. जर्मनी जिंकली.
२०१६ ऑलिम्पिक – सुवर्ण. अंतिम सामना माराकानावर.
२०१७ युरो – गुडघा. घरी. जर्मनी उपांत्यपूर्व फेरीत गारद.
२०१९ – कप्तान. विश्वचषकात शंभरावा सामना, नायजेरियाविरुद्ध, त्यात गोल. पुढच्या सामन्यात स्वीडनकडून हार.

जर्मनीने युरो आठ वेळा जिंकलाय. हिने युरोत अजून एक मिनिटही खेळलेलं नाही.

४ जुलै

ल. आली होती. सतरा वर्षांची. मे महिन्यात लिगामेंटचं ऑपरेशन. कुबड्या सुटल्या, चाल अजून लंगडी. जवळच्या गावातल्या क्लबची स्ट्रायकर.

वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर खूण केली, टेप गुंडाळली. उजवी मांडी दोन सेंटिमीटर बारीक. तिने आकडा बघितला आणि तोंड फिरवलं.

‘कधी खेळायचं?’
‘नऊ महिने तरी.’
‘पोपला किती लागले?’
‘त्याहून जास्त.’

मग टाच गादीला दाबून मांडीचा स्नायू आवळायचा व्यायाम. दहा वेळा. पुन्हा दहा वेळा. न बोलता केलं.

७ जुलै

उद्या डेन्मार्क. रात्री नऊ वाजता. कोल्हापुरात साडेबारा झालेले असतील. अप्पा जागणार म्हणतात. आई रागावलीय.

८ जुलै, रात्री उशिरा

४-०.

मागुल, श्युलर, लाटवाइन. पोप एकसष्टाव्या मिनिटाला आली, श्युलरच्या जागी. शहाऐंशीव्या मिनिटाला क्रॉस आला आणि तिने अंग झोकून दिलं. झेप घेऊन हेडर. पहिल्या युरोच्या पहिल्याच सामन्यात गोल.

खिडकी उघडी होती. समोरच्या इमारतीतूनही ओरडा ऐकू आला.

माझी नजर तिच्या जमिनीवर आदळण्याकडे. कोणत्या गुडघ्यावर पडली? लगेच उठली.

९ जुलै

अप्पांचा फोन. आवाज बसलेला.

‘अकरा नंबरनं काय घेतला गं तो डोक्यावर! आमच्या वेळंला अशी उडी मारणारा पेठेत एकच होता.’
‘तुम्ही झोपलात की नाही?’
‘झोप काय, पडून राह्यलो. हिचा गुडघा तुमच्यासारख्यांनीच नीट केला असंल की.’

तिनेच केला, मी म्हटलं. आम्ही शेजारी उभे राहतो.

१० जुलै

आषाढी. साबुदाणा मिळाला, भगर नाही. आईने टीव्हीवर पंढरपूर दाखवलं. दोन वर्षांनी वारी पायी निघाली. ‘माणसंच माणसं,’ एवढंच म्हणत होती.

१२ जुलै

श्युलरला कोरोना. म्हणजे आज स्पेनविरुद्ध पोप सुरुवातीपासून.

नंतर: २-० जिंकलो. तिसऱ्या मिनिटाला ब्यूल, सदतिसाव्याला पोप. कॉर्नर, हेडर. चेंडू जवळजवळ सगळा वेळ स्पेनच्या पायात, गोल दोन्ही आपले.

एकीला ताप आला म्हणून दुसरीला जागा मिळाली. पोपला स्वतःला किती स्पर्धांत असं बाहेर बसावं लागलंय. तिला श्युलरचं वाईट वाटलं असणार.

१४ जुलै

शाळांना सुट्ट्या लागल्या. क्लिनिक रिकामं.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. पायऱ्या चढण्याचा सराव करता करता युरोचा विषय निघाला. त्या स्वतः खेळायच्या. मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, परवानगी मिळाली तेव्हापासून.

१९५५ मध्ये जर्मन फुटबॉल संघटनेने क्लबांना बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. मैदान द्यायचं नाही, पंच द्यायचे नाहीत. बंदी उठली १९७० मध्ये. तीही अटींवर: तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, लहान चेंडू, बुटांना स्टड नाहीत, हिवाळ्यात सहा महिने खेळ बंद.

‘ओल्या गवतावर स्टडशिवाय,’ आजी म्हणाल्या. ‘पडायचो नुसत्या.’

राष्ट्रीय संघाचा पहिला सामना १९८२ चा, कोब्लेन्झला, स्वित्झर्लंडविरुद्ध. ५-१. सात वर्षांनी युरो जिंकला, तेव्हा संघटनेने प्रत्येकीला बक्षीस दिलं: कॉफीचा सेट. कपबश्या. आजींनी हे सांगताना कठडा घट्ट धरला होता. राग अजून ताजा आहे.

त्यांना आणखी दोन पायऱ्या चढायला लावल्या.

१६ जुलै

फिनलंड ३-०. पोपचा हेडर, मध्यंतरानंतर लगेच. तीन सामने, तीन गोल.

१७ जुलै

नऊ युरोच्या तिकिटावर बसने एसेहोफला. छोटं प्राणिसंग्रहालय. पोपने इथे प्राण्यांची देखभाल करण्याचं रीतसर शिक्षण घेतलं. राष्ट्रीय संघात असताना.

बायकांच्या फुटबॉलमध्ये हातात दुसरं काम ठेवावं लागतं. तिच्या पिढीतल्या बहुतेकींनी ठेवलं. सराव, मग पिंजरे झाडायचे, चारा द्यायचा, पुन्हा सराव.

एक पोरगी शेळ्यांचं कुंपण साफ करत होती. गमबूट, हातात फावडं. कंबरेतून न वाकता गुडघ्यातून वाकत होती. बरोबर पद्धत.

२० जुलै

उकाडा. हॅम्बुर्गला चाळिशी ओलांडली म्हणे. क्लिनिकमध्ये पंखा नाही. पेशंटच्या पाठीला टेप चिकटत नाही.

ल. आली नाही. निरोपही नाही.

२१ जुलै

ऑस्ट्रिया. २-०. ऑस्ट्रियाचे चेंडू गोलपोस्टला लागून परतत होते, मी सोफ्याच्या कडेवर.

शेवटच्या मिनिटाला पोपचा गोल. ऑस्ट्रियाची गोलकीपर चेंडू लांब मारायला गेली, पोप तिच्या अंगावर धावली, चेंडू पोपच्या पायाला आपटून आत. लोक नशीब म्हणतील. नव्वदाव्या मिनिटाला, १-० ने पुढे असताना, गोलकीपरवर धावून जायला मांड्यांत ताकद शिल्लक लागते. एकतिसाव्या वर्षी, त्या गुडघ्यानं.

२२ जुलै

ल. आली. डोळे सुजलेले. तिच्या क्लबचं हंगामापूर्वीचं शिबिर सुरू झालं, सगळ्या मैत्रिणी तिकडे.

सायकलवर बसवलं, अजिबात भार न लावता. कालचा गोल बघितला का, विचारलं. बघितला होता. मग वेग आपोआप वाढला. वाढू दिला.

२४ जुलै

राष्ट्रीय संघासोबत बिरगिट प्रिंत्स आहे. मानसशास्त्रज्ञ म्हणून. २१४ सामने, १२८ गोल. जर्मनीत कोणा बाईने याहून जास्त केले नाहीत. दोन विश्वचषक जिंकली.

तिचा शेवट इथलाच. २०११ चा विश्वचषक, घरचा. पहिल्या दोन सामन्यांत तिला मध्येच बाहेर काढलं, मग बाकावर बसवलं. उपांत्यपूर्व सामना आमच्या या वोल्फ्सबुर्गला, जपानशी. जादा वेळेत ०-१. प्रिंत्सला उतरवलंच नाही. तिथेच संपलं.

तीच आता या मुलींशी बोलायला बसते. बाकावर बसणं म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

२५ जुलै

अप्पांचा गुडघा. आज दिवसभर डोक्यात.

तालमीच्या संघातून खेळायचे. सत्तरच्या दशकात. चेंडू घेऊन वळले, पाय जमिनीत रुतलेला राहिला, गुडघा फिरला. हाडवैद्याने लेप लावला, कामट्या बांधल्या. काही आठवड्यांनी चालायला लागले. मैदानात परत गेले ते बघायला.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सुट्टीत घरी गेले, त्यांना कॉटवर झोपवलं, गुडघा वाकवला, पावलावर बसले आणि दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढून बघितली. सरकत आली. आतून जो थांबा हाताला जाणवायला हवा तो नव्हताच. इतकी वर्षं.

‘काय?’ अप्पांनी विचारलं.
‘लिगामेंट.’
‘असू दे,’ म्हणाले, आणि पायजमा खाली ओढला.

२७ जुलै

फ्रान्स. उपांत्य फेरी, मिल्टन कीन्स. ब्यूलला कोरोना, ती नाही.

चाळिसावं मिनिट. उजवीकडून हुथचा क्रॉस, पोप धावत आली, चेंडू जमिनीला लागू न देता मारला. १-०. चारच मिनिटांनी फ्रान्सचा फटका खांबाला लागला आणि आमच्या गोलकीपर फ्रोम्सच्या पाठीवरून आत. १-१.

शहात्तरावं मिनिट. पुन्हा हुथ, पुन्हा पोप. हेडर. दोघी रोज इथेच सराव करतात, माझ्या घरापासून कालव्याच्या पलीकडे.

२-१. पाच सामने, सहा गोल. युरोत सलग पाच सामन्यांत गोल करणारी ही पहिली.

अप्पांचा मेसेज रात्री अडीचला, तिकडच्या. फक्त ‘नादखुळा’.

२९ जुलै

पत्रकार परिषदेत पोप खोटी मिशी लावून आली. कोणीतरी गमतीत बातमी केली होती की पुरुषांच्या संघात स्ट्रायकर नाही म्हणून कतारच्या विश्वचषकात ‘अलेक्झांडर’ खेळणार. तिने मिशी चिकटवली आणि हसत बसली. छान दिसत होती. मोकळी.

आजींना फोनवर दाखवलं. पोट धरून हसल्या.

३० जुलै

उद्या अंतिम सामना, वेम्बली. इंग्लंड.

२०१९ मध्ये तिने वेम्बलीवर गोल केलाय, हेडरच. सत्त्याहत्तर हजार लोकांसमोर. जिंकल्याही होत्या. मैदान तिचं ओळखीचं आहे.

धुणं वाळत घातलं. दोनदा.

३१ जुलै

दुपारी ५. संघ आला. पोप आहे. अकरा नंबर, कप्तान.

५.४५. वॉर्म-अप. गोलकडे फटके मारतायत. तिने एक मारला आणि थांबली. मांडीला हात. चालत बाजूला गेली. मी टीव्हीजवळ जाऊन उभी राहिले.

५.५०. श्युलर आत. पोप नाही. पट्टी हुथच्या दंडावर.

स्नायू. कालच्या सरावातच जाणवलं होतं म्हणे. गुडघा नाही. गुडघा टिकला.

अप्पा फोनवर. कोणीच बोलत नाही. त्यांच्याकडचा पंखा ऐकू येतोय.

मध्यंतर. ०-०. गोलरेषेजवळच्या गर्दीत चेंडू इंग्लंडच्या विल्यमसनच्या हाताला लागला. पेनल्टी दिली नाही. पुन्हा पुन्हा दाखवतायत. लागला.

बासष्ट. टून. ०-१.

एकोणऐंशी. मागुल! १-१. अप्पा ओरडले, आई जागी झाली.

जादा वेळ. पोप बाकाजवळ उभी, ओरडून सांगतेय. कॅमेरा सारखा तिच्याकडे जातो. नको जायला.

एकशे दहा. कॉर्नर. केली.

१-२.

८७,१९२ माणसं. युरोच्या कोणत्याही सामन्याला, पुरुषांच्या धरून, इतकी आली नव्हती. त्यातल्या एकीला मैदानात उतरायचं होतं.

१ ऑगस्ट

क्लिनिकमध्ये पहिल्या पेशंटपासून शेवटच्यापर्यंत हाच विषय. जवळजवळ अठरा कोटी, नाही, एक कोटी ऐंशी लाख लोकांनी बघितला जर्मनीत. देशात आठ कोटींहून जास्त माणसं. प्रत्येकाला तिच्या मांडीत काय झालं ते माझ्याकडून हवं होतं. मला काय माहीत. हात लावल्याशिवाय मी कोणाच्या स्नायूबद्दल बोलत नाही.

एवढं सांगितलं: वर्षभर थांबलेलं शरीर, मग तीन आठवड्यांत पाच सामने. गुडघा वाचवायला आजूबाजूचे स्नायू जास्त राबतात. कधीतरी त्यातला एखादा नको म्हणतो.

सर्वाधिक गोलांचा बूट इंग्लंडच्या बेथ मीडला. दोघींचे सहा-सहा, मीडने इतरांना जास्त पास दिले.

२ ऑगस्ट

ल. म्हणाली, ‘ती रडली नाही फार.’
मी म्हटलं, घरी जाऊन रडली असेल.
‘मी असते तर तशीच खेळले असते.’
‘आणि दहाव्या मिनिटाला बाहेर आली असतीस. एक बदली खेळाडू वाया गेली असती.’

विचार करत बसली. मग आपणहून टेप पुढे केली. मांडी एक सेंटिमीटर भरली.

पोपने स्वतः हात वर केला. वेम्बलीच्या अंतिम सामन्याआधी, काही मिनिटं राहिली असताना. त्या फटक्यांपेक्षा ते अवघड. त्या सहा गोलांचं जेवढं कौतुक झालं तेवढं याचंही व्हायला हवं.

७ ऑक्टोबर २०२२

ड्रेस्डेन. फ्रान्सशी मैत्रीपूर्ण सामना. २-१. दोन्ही पोपचे.

ल. ट्रेडमिलवर पळू लागली. पावलांचा आवाज दोन्ही पायांचा सारखा येतो. डोळे मिटून ऐकते मी.

३ जून २०२३

चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, आइंडहोवेन. वोल्फ्सबुर्ग २-० पुढे, दुसरा पोपचा हेडर. मग बार्सिलोना ३-२.

गावात आज फार कोणी बोललं नाही.

२४ जुलै २०२३

विश्वचषक, मेलबर्न. इथे सकाळचे साडेदहा. पेशंटच्या खांद्याखाली उशी, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. दोघांनी मिळून बघितला. मोरोक्को ६-०, पोपचे दोन. पेशंटला हलू नका म्हणून सांगावं लागलं.

३० जुलै

कोलंबिया. एकोणनव्वदाव्या मिनिटाला पोपची पेनल्टी, १-१. भरपाई वेळेत कोलंबियाचा हेडर. १-२.

३ ऑगस्ट

दक्षिण कोरिया, ब्रिस्बेन. जेवणाच्या सुट्टीत.

सहाव्या मिनिटाला मागे. बेचाळिसाव्याला पोप, हेडर, १-१. मग तिचा एक गोल ऑफसाइड. एक हेडर क्रॉसबारवर. तिकडे मोरोक्कोने कोलंबियाला हरवलं.

१-१. साखळीतच बाहेर. जर्मनीच्या बायकांचं विश्वचषकात असं कधी झालं नव्हतं.

चार गोल हिचे. चार गोल करून घरी.

५ ऑगस्ट

ल. काल गावाच्या मैदानात उतरली. शेवटची वीस मिनिटं. व्हिडिओ पाठवला. एकदा चेंडू मिळाला, ऑपरेशनच्या पायावर वळली. वळताना थांबली नाही. तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा बघितला.

अप्पांना पाठवला. ‘पोरगी वळली,’ त्यांनी लिहिलं. आणखी काही नाही.

९ ऑगस्ट २०२४

ऑलिम्पिक, लियोन. स्पेनविरुद्ध १-०, ग्विनची पेनल्टी. अगदी शेवटी स्पेनला पेनल्टी मिळाली, बेर्गरने अडवली. कांस्य.

पोपच्या गळ्यात आता दोन रंग. आठ वर्षांचं अंतर. मधल्या ऑलिम्पिकला जर्मनी पात्रच ठरली नव्हती.

३० सप्टेंबर २०२४

जाहीर केलं. राष्ट्रीय संघातून थांबतेय. शेवटचा सामना २८ ऑक्टोबरला, ड्यूसबुर्ग, ऑस्ट्रेलियाशी. पहिला सामनाही तिथेच खेळली होती, फेब्रुवारी २०१० मध्ये, उत्तर कोरियाविरुद्ध. तेव्हा क्लबही ड्यूसबुर्गचाच.

संध्याकाळी आकडे मांडले. प्रिंत्स १२८. हायडी मोर ८३, १०४ सामन्यांत. २०१९ मध्ये कॅन्सरने गेली, एक्कावन्नाव्या वर्षी. तिसरी पोप, ६७.

आकड्यांच्या तक्त्यात रकाने दोनच: सामने आणि गोल. दुखापतीनंतर किती वेळा परत आली, याला रकाना नाही. माझ्या मते तो पहिला असायला हवा. गोल मारताना ऐंशी हजार लोक ओरडतात. परत येताना खोलीत एक रबरी पट्टा, एक गादी आणि माझ्यासारखी कोणीतरी. त्या खोलीत ती कितीतरी वेळा जाऊन आली आणि दर वेळी पुन्हा हेडरला उडी मारली. जो गुडघ्याला घाबरतो तो उडी मारत नाही.

२५ ऑक्टोबर

वेम्बली. इंग्लंड ३, जर्मनी ४. नवा प्रशिक्षक, पहिलाच सामना. पोप या सामन्याला नाही, सोमवारी येणार.

तिच्याशिवाय वेम्बलीवर जिंकल्या. बरं वाटलं, मनापासून. तिलाही वाटलं असेल.

२८ ऑक्टोबर

वसुबारस. सकाळी चकलीची भाजणी उघडली, संध्याकाळी सामना. तेल तापत ठेवून टीव्ही बघता येत नाही, म्हणून चकल्या उद्या.

ऑस्ट्रेलियाने हरवलं, १-२. आज कोणाला त्याचं दुःख नव्हतं. १४५ वा सामना. तेहेतीस वर्षांची. स्वतःच्या पायांनी मैदानात आली, स्वतःच्या पायांनी बाहेर गेली, स्वतः ठरवलेल्या तारखेला. वेम्बलीला तारीख तिच्या हातात नव्हती. २०१३ लाही नाही, २०१७ लाही नाही. ही होती.

अप्पा रडले. आईने सांगितलं, त्यांनी नाही.

२९ ऑक्टोबर

चकल्या झाल्या. पहिला घाणा मोडला, नंतरचे खुसखुशीत. क्लिनिकमध्ये नेल्या. आजींनी दुसऱ्यांदा मागितल्या.

३० ऑक्टोबर

ल. चा लांबलचक मेसेज. गॉटिंगेनला शिकायला गेलीय. फुटबॉल थांबवलं. लिहिते: गुडघा उत्तम आहे, मागचा पूर्ण हंगाम खेळले, दुखलं नाही. आता दुसरं काहीतरी करायचंय. तुम्ही रागावू नका.

लगेच फोन केला. रागावले नाही, सांगितलं. जिना चढताना रेलिंग धरतेस का? नाही. रात्री ठणकतो? नाही. बस धरायला पळतेस? हो, रोज.

झालं. गुडघ्याने तिला थांबवलं असतं तर माझं काम अपुरं राहिलं असतं. ती स्वतः थांबली. अप्पांना थांबायचं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. हिला विचारलं गेलं, हिने उत्तर दिलं. मी ज्यासाठी सकाळी क्लिनिक उघडते ते एवढंच.

रात्री अप्पा: ‘आता अकरा नंबर कोण घालणार?’
माहीत नाही, म्हटलं. २९ नोव्हेंबरला झ्युरिकला सामना आहे, स्वित्झर्लंडशी. बघू.
‘किती वाजता?’
‘बघून कळवते.’
‘दिवसाचा असला तर बरं,’ आई मागून म्हणाली.